बरं वाटायला लागल्यानंतरचे महिने

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की सायकोसिसच्या, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं खरंच वाटणं अशा आजाराच्या, पहिल्या आजारपणातून नुकत्याच उठलेल्या मुलामुलींमध्ये आत्महत्येचा धोका घरच्यांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं लांबलचक होती, मी कापलीत, गावं आणि ओळखू येतील असे तपशील बदललेत. आणि पुढचं वाचताना कुणाला आत्ता याच घडीला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल भीती वाटत असेल तर वाचत बसू नका, १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालीय, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलतात.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मुलगा २१ वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. दिवाळीनंतर कॉलेजला जायचाच बंद झाला, रूमवरच्या पोरांनी माझ्या मोबाईलमध्ये काहीतरी बसवलंय म्हणायचा, खिडकीला पेपर चिकटवले, रात्ररात्र जागा, आणि खाली रस्त्यावरची माणसं माझ्याबद्दलच बोलतात म्हणायचा. शेवटी मित्रांनी फोन केला, यांनी जाऊन आणलं. १८ दिवस ॲडमिट होता. आता घरी येऊन दोन महिने झाले, गोळ्या वेळेवर घेतो, आवाज बंद झालेत, मोबाईलचं काही बोलत नाही, सगळे म्हणतात देवाची कृपा, सुटला पोरगा. पण मला काही बरं वाटत नाही बघा. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असतो. परवा आपलं क्रिकेटचं सगळं किट चुलतभावाला देऊन टाकलं, जिवापाड जपायचा हो ते. आणि जेवताना एकदम म्हणाला, आई, माझं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. तुमचं वाचल्यापासून झोप नाही. त्याला सरळ विचारू का? जाऊबाई म्हणतात तो शब्दसुद्धा काढू नको, नसलेलं डोक्यात भरशील. आणि जूनपासून कॉलेजला परत पाठवायचं यांनी ठरवलंय. – एक आई, मिरजेकडची

उत्तर : ताई, विचारा. अंक हातात पडेपर्यंत वेळ जाईल म्हणून तुम्हाला मी त्याच दिवशी मेल केला होता आणि फोनवर आपलं बोलणंही झालं, इथे लिहितेय ते तुमच्यासारख्या बाकीच्या आयांसाठी. जाऊबाईंची भीती सगळ्यांनाच असते, मला ओपीडीत रोज कुणीतरी हेच सांगतं. पण यावर भरपूर अभ्यास झालेत आणि विचारल्यामुळे आत्महत्येचा विचार रुजतो असं कुठेच दिसलेलं नाही, उलट इतके दिवस एकट्याने ओढलेलं ओझं कुणीतरी हातात घेतलं असं त्या मुलाला वाटतं. विचारायचं कसं तर टीव्ही बंद, दोघंच घरात, चहाबिहा करून, आणि शब्द न टाळता. "बाळा, तुला हल्ली असं वाटतं का की आपण नसलेलंच बरं? जीव द्यावा असं मनात येतं का?" एवढंच. "तसलं काही डोक्यात नाही ना रे?" असं मात्र विचारू नका, त्यात उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं, पोरगं नाही म्हणतं आणि आपणही सुटल्यासारखं करतो.

हो म्हणाला तर तुम्हाला रडू येईल, येऊ द्या. पण "माझी शपथ आहे तुला" असं करू नका. शपथ घातली की विचार थांबत नाही, फक्त तुम्हाला सांगणं थांबतं. त्यापेक्षा ऐका, किती वेळा येतो, कधी येतो, काही ठरवलंय का हेही विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे म्हणून थांबू नका. फोनवर "जरा उदास वाटतो" असं गोलगोल नको, "किट देऊन टाकलं, आणि माझं होऊन गेलं असं म्हणाला" असंच्या असं सांगा. जिवापाड जपलेली वस्तू अशी अचानक देऊन टाकणं ही आम्ही फार गंभीरपणे घेतो अशी खूण आहे, तुमच्या पोटात गोळा आला तो बरोबर आला.

आता हे असं बरं व्हायला लागल्यावरच का होतं, ते सांगते, कारण मला वाटतं सगळ्या घरांची चूक इथेच होते. आवाज येतात, कुणीतरी मागावर आहे वाटतं, तेव्हा घरात आरडाओरडा असतो, सगळे जागे असतात, मामा येतो, काका येतो, गाडी करून दवाखान्यात नेतात. मग औषधाने आवाज विरतात, मुलगा शांत होतो, आणि घर पण हुश्श करून आपापल्या कामाला लागतं. नेमकं तेव्हा त्या मुलाचं डोकं ताळ्यावर येत असतं आणि त्याला सगळं आठवायला लागतं, आपण हॉस्टेलवर काय काय बोललो, कुणावर धावून गेलो, पोरांनी व्हिडिओ काढला असेल का, वर्ष गेलं, बॅचमधल्यांची प्लेसमेंट होणार, आणि फाईलवर डॉक्टरांनी लिहिलेला शब्द त्याने मोबाईलवर शोधलेला असतो. आम्ही याला इनसाइट म्हणतो, आजाराची समज. उपचारासाठी ती हवीच, पण ती येताना एकटी येत नाही, लाज आणि हताशा बरोबर घेऊन येते. म्हणून हुशार, अभ्यासात पुढे असलेली, स्वतःकडून खूप अपेक्षा ठेवणारी मुलं जास्त हादरतात. त्यात सायकोसिस ओसरल्यावर डिप्रेशन येणं हे खूप कॉमन आहे, आणि ते वेगळं ओळखून त्याचा वेगळा उपचार करावा लागतो, "औषधाने सुस्त झालाय" म्हणून सोडून द्यायचं नसतं. भिंतीकडे तोंड करून पडणं हे तीन-चार गोष्टींनी होऊ शकतं, गोळीचा डोस, डिप्रेशन, आजाराचीच मरगळ, कुठली आहे ते डॉक्टरांना तपासून ठरवू द्या.

आकड्याची भीती घालायची नाहीये, पण आकडा माहीत असलेला बरा. जुन्या पुस्तकांत असायचं की स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचा लांबत जाणारा एक आजार) असलेल्या शंभरातले दहा जण आत्महत्येने जातात. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास नीट परत मोजले तेव्हा आयुष्यभराचा आकडा पाचच्या आसपास आला, आणि त्यातला मोठा वाटा आजाराच्या सुरुवातीच्या काळातला निघाला. म्हणजे शंभरातले पंचाण्णव असे जात नाहीत, हे पहिल्यांदा मनात पक्कं करा, आणि तुमच्या मुलाला जे झालंय ते स्किझोफ्रेनियाच आहे असंही अजून कुणी म्हटलेलं नाही, पहिल्या सायकोसिसची पुढची वाट प्रत्येकाची वेगळी असते. पण धोका आहे तो पहिल्या वर्षभरात दाटलेला आहे, त्यातही दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत, म्हणजे जेव्हा आपण सगळे पेढे वाटत असतो तेव्हा.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत असाच एक मुलगा होता. आवाज गेले, बोलायला लागला, माझ्याशी हसला, मी खूश होऊन त्याला सहा आठवड्यांनी या म्हणाले. सहा आठवड्यांनी त्याचे वडील एकटे आले, फाईल परत द्यायला. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, तुला जगावंसं वाटतं का म्हणून. तेव्हापासून पहिल्या वर्षात मी कुणाला लांबची तारीख देत नाही, आणि पेशंट कितीही छान हसला तरी विचारते.

घरात काय करायचं ते थोडक्यात. सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात, कुलपात, एका वेळी एका दिवसाच्याच बाहेर, यांच्या बीपीच्या आणि आजींच्या झोपेच्या पण. काही दिवस रात्री खोलीत कुणीतरी झोपा, पहारा दिल्यासारखं नको, लहानपणी गादी टाकून झोपायचो तसं. आणि त्याच्याबरोबर बसून एका कागदावर लिहा, विचार यायला लागला की आधी काय जाणवतं, मग मी काय करेन, कुणाशी बोलेन, डॉक्टरांचा नंबर, १४४१६. त्याच्या हस्ताक्षरात लिहू द्या, कागद त्याच्याकडेच राहू द्या, तुम्ही फक्त फोटो काढून ठेवा.

जूनचं म्हणाल तर साहेबांना सांगा एक वर्ष गेल्याने इंजिनिअर व्हायचं राहत नाही. पूर्ण टाईमटेबल, परत तीच रूम, तीच पोरं, हे एकदम नको. एखादा विषय, घरून किंवा जवळच्या नातेवाईकांकडे राहून, आणि मूळ म्हणजे त्याला विचारून. पण कायमचं घरी बसवणंही तितकंच वाईट, त्याला उद्या करायला काहीतरी पाहिजे. किट चुलतभावाकडून गुपचूप परत आणू नका. चुलतभावालाच म्हणा की रविवारी किट घेऊन ये आणि त्यालाच ग्राउंडवर घेऊन जा.

प्रश्न : मॅम, मी एमएससीला आहे, हॉस्टेलला राहतो. माझ्या रूममेटला काही महिन्यांपासून आवाज येतात, त्याने फक्त मला सांगितलंय. आधी आवाज शिव्या द्यायचे, आता तो म्हणतो आवाज मला सांगतात की संपव स्वतःला. कुणाला सांगितलंस तर मैत्री तुटली म्हणून समज असं म्हणून माझ्याकडून प्रॉमिस घेतलंय. रेक्टरला सांगितलं तर त्याला काढून टाकतील, पोलीस केस होईल, घरचे मारतील. मी रात्रभर जागा असतो, पेपर पण आहेत. काय करू? – नागपूरचा एक विद्यार्थी

उत्तर : प्रॉमिस मोड. हे प्रॉमिस तुझ्याकडून आजाराने घेतलंय, मित्राने नाही, आणि पुढे तो तुझ्याशी वर्षभर बोलला नाही तरी चालेल, बोलायला तो असला पाहिजे. जीव दे असं सांगणारे आवाज ही इमर्जन्सी आहे, कारण आज तो त्यांना विरोध करू शकतोय, दोन रात्री झोप नाही झाली की करू शकेल का हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

त्याला एकटं सोडू नको. त्याच्या समोरच सांग की मी तुझ्या ताईला (किंवा घरात जो कमी चिडतो त्याला, तुला माहीत असेल कोण) फोन करतोय, आणि मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीला घेऊन जा, तिथे सायकियाट्रीचा डॉक्टर बोलावून घेतात, वेळ कुठलीही असो. तो यायला तयार नसेल आणि परिस्थिती हाताबाहेर वाटली तर ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन कर. आवाज खोटे आहेत हे पटवून द्यायच्या फंदात पडू नको, त्याला ते तुझ्या आवाजाइतके खरे ऐकू येतात. "मला ऐकू येत नाहीत पण तुला येतात आणि तू घाबरलायस हे मला दिसतंय" असं म्हण, ते खरंही आहे आणि त्याला सोबतही वाटते. गांजा वगैरे ओढत असेल तर डॉक्टरांना तेही सांग, तिथे लपवून ठेवायचं काही नाही.

पोलिसांची भीती बहुतेक घरांत असते म्हणून नीट सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या कलम ११५ मध्ये असं आहे की ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं ते जुनं कुप्रसिद्ध ३०९ कलम १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आल्यावर गेलं. तुझ्या मित्राने तर काहीच केलेलं नाही, त्याला फक्त विचार येतायत, उपचाराला नेल्याबद्दल कुणावर केस होत नाही. रेक्टरने काढलं तर बघू, सर्टिफिकेट देऊन भांडता येतं, मी अशी पत्रं कॉलेजांना अनेकदा दिलीत.

आणि तुझ्याबद्दल. हे सगळं एकट्याच्या अंगावर घेऊन तू पेपर देतोयस, १४४१६ वर तू स्वतःसाठीही फोन करू शकतोस.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी शेतकरी आहे, आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यात, तालुक्यापासून आत. मुलगी १९ वर्षांची. आठ-नऊ महिने एकटीच हसायची, बोलायची, अंघोळ सोडली, शेजारीण आपल्या जेवणात काही घालते म्हणून जेवायची नाही. आम्हाला वाटलं बाहेरचं आहे. दोन-तीन ठिकाणी नेलं, लई पैसा गेला. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात गोळ्या चालू झाल्या, चार महिन्यांत पोरगी बरीच सुधरली, सकाळी माझ्याबरोबर शेतात येते. आता ती म्हणते बाबा मी तुमच्यावर ओझं झाली, माझं काही खरं नाही. बहीण म्हणते लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल, आणि गोळ्या बंद करा नाहीतर सासरच्यांना कळेल. काय करावं? – एक वडील

उत्तर : दादा, तुम्ही तिला दवाखान्यात नेलं हीच मोठी गोष्ट, आधीच्या आठ महिन्यांबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. उशीर बहुतेक घरांत होतो. पण तो कमी का करायला पाहिजे ते वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. नॉर्वेमध्ये रोगालँड नावाचा एक भाग आहे, तिथे १९९७ पासून काही वर्षं त्यांनी पेपरात जाहिराती दिल्या, शाळेतल्या शिक्षकांना लक्षणं शिकवली, फोन आला की लगेच तपासणारी टीम ठेवली. बाकी ठिकाणी सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत साधारण १६ आठवडे जायचे, तिथे ५ वर आले. आणि उपचाराला पहिल्यांदा येणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे बेत आणि प्रयत्न तिथे बाकी भागापेक्षा कमी दिसले. म्हणजे लवकर नेणं हेच जीव वाचवणं झालं. यात मोठी मशीन नाही की महागडं औषध नाही, शिक्षक आणि पेपर तर आपल्याकडेही आहेत.

तुमच्या देवाधर्माच्या आड मी येणार नाही. अंगारा लावायचा तर लावा, वारीला न्या, फक्त गोळी चुकवू नका, आणि जिथे बांधून ठेवतात, मारतात, उपाशी ठेवतात तिथे पोरीला पुन्हा नेऊ नका.

गोळ्या बंद करायच्या नाहीत. चार महिन्यांत सुधारली ती गोळ्यांमुळे सुधारली, पहिल्या आजारानंतर निदान वर्ष-दोन वर्षं तरी औषध चालू ठेवतात, मग डॉक्टर ठरवून हळूहळू कमी करतात, अचानक बंद केलं तर आजार उलटतो आणि उलटला की मुलगी आणखीन खचते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराच्या गोळ्या फुकट मिळतात, पण दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं लागतं हे मला माहितीय, तर दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता का हे विचाराल. देतीलही, पण सध्या विचारू नका, घरात जास्त गोळ्या असणं आत्ता धोक्याचं आहे. मधल्या काळात काही वाटलं तर टेलि-मानसला फोन करा.

लग्नाने सायकोसिस बरा झालेली एकही मुलगी मी पाहिलेली नाही, लपवून केलेल्या लग्नात गोळ्या बंद होऊन, आजार उलटून, माहेरी टाकून दिलेल्या मात्र कितीतरी पाहिल्यात, आणि त्यातल्या काहींनी जीव देण्याचा प्रयत्न केला. तुमच्या बहिणीला हे माझ्या नावाने वाचून दाखवा. लग्नाचा विषय दोन वर्षं घरात बंद. पुढे करायचं झालं तर समोरच्यांना सांगूनच.

"मी ओझं झाली" हे वाक्य फार नीट ऐका दादा. या वयाची मुलं आत्महत्येच्या विचारांत असतात तेव्हा तोंडातून बरेचदा येतं ते हे. "असं बोलू नये बाई" म्हणून उडवून लावू नका, तिच्या आईने किंवा तुम्ही शांतपणे विचारा, वर मिरजेच्या ताईंना लिहिलंय तसं. फवारणीची औषधं घरात असतील तर आजच्या आज घरातून हलवा, कुलूप लावून शेतातल्या खोपीत किंवा दुसऱ्याच्या गोदामात, किल्ली तुमच्या कंबरेला. बरेचदा असा विचार एका उकळीसारखा येतो आणि ओसरतो, त्या तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

आणि एक, तुमच्यासारख्या वडिलांना मी हे आवर्जून सांगते. चेन्नईची स्कार्फ (स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन) ही संस्था आणि कॅनडातलं मॅकगिल विद्यापीठ यांनी मिळून चेन्नईच्या आणि माँट्रियलच्या पहिल्या सायकोसिसच्या रुग्णांना दोन वर्षं सारखेच उपचार दिले आणि तुलना केली. पैशाने, सोयींनी कुठे चेन्नई आणि कुठे माँट्रियल. पण चेन्नईतली मुलं उपचार सोडून कमी गेली, आणि ती जी मरगळ असते, कशातच मन न लागणं, त्यात ती जास्त सुधारली. चेन्नईत घरचे लोक उपचारात जास्त सामील होते. तुम्ही तिला सकाळी शेतात बरोबर नेता असं लिहिलंय ना, ते चालू ठेवा.

प्रश्न : भावाला (वय २६) दोन औषधांचा उपयोग झाला नाही, एकदा आत्महत्येचा प्रयत्नही झाला. आता डॉक्टर क्लोझापिन म्हणतायत. नेटवर वाचलं की ते शेवटचं औषध असतं आणि रक्त खराब होतं. आई-बाबा घाबरलेत. – एक बहीण, डोंबिवली

उत्तर : शेवटचं या शब्दाने फार नुकसान केलंय. क्लोझापिन सुरुवातीलाच देत नाहीत हे खरं, पण दोन औषधं नीट देऊनही फरक नाही म्हटल्यावर त्याची वेळ झालेली असते आणि खरं तर आपल्याकडे ते द्यायला उशीरच होतो. तुमच्या भावाच्या बाबतीत तर आणखी एक कारण आहे. २००३ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात ९८० रुग्णांना, ज्यांच्यात आत्महत्येचा धोका जास्त होता अशांनाच घेऊन, अर्ध्यांना क्लोझापिन आणि अर्ध्यांना ओलान्झापिन हे दुसरं औषध दिलं आणि दोन वर्षं पाहिलं, क्लोझापिनवाल्यांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले. स्किझोफ्रेनियातला आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेलं औषध हेच.

रक्ताचं म्हणाल तर थोड्या लोकांत पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर अंतराअंतराने रक्त तपासतात, ती तपासणी चुकवायची नाही, आणि ताप किंवा घसादुखी आली तर घरगुती काढे न करता त्याच दिवशी कळवायचं. बद्धकोष्ठतेकडे पण लक्ष ठेवा, लोक लाजतात सांगायला पण या औषधात ती गंभीर होऊ शकते.

आई-बाबांना ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत घेऊन जा, तुम्हाला जवळ आहे, किंवा पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिथे पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि घरच्यांना शुभंकर. माझ्याकडून दहा वेळा ऐकून जे पटत नाही ते दुसऱ्या शुभंकर आईकडून एकदा ऐकलं की पटतं.

प्रश्न : वय २४, नाशिक. गेल्या वर्षी सायकोसिस झाला, आता वर्क फ्रॉम होम करतो. तीन आठवड्यांपूर्वी डोस वाढवला तेव्हापासून एका जागी बसता येत नाही, पायात काहीतरी चालू असतं, रात्री दोन-दोन तास हॉलमध्ये चालतो, आतून सगळं ओढल्यासारखं होतं. हे असंच राहणार असेल तर नकोच असं वाटतं, कालपासून मरायचे विचार खूप आहेत. तुमचं मागचं वाचलं. माझ्यासारख्यांचं शेवटी हेच होतं का? घरी सांगितलेलं नाही, बहीण शेजारच्या खोलीत असते पण तिला टेन्शन नको. रात्रीचे पावणेदोन झालेत.

उत्तर : हे उत्तर मी त्याला त्याच रात्री पाठवलं होतं. आता तो बरा आहे, आणि त्याची परवानगी घेऊन जसंच्या तसं छापतेय.

नाही, हेच होत नाही. तुझ्यासारखे शेकडो जण मला माहीत आहेत जे आज नोकरीला आहेत, भांडतात, कर्ज फेडतात, गणपतीत ढोल वाजवतात. मागच्या अंकात मी धोका जास्त असतो असं लिहिलं ते घरच्यांनी जागं राहावं म्हणून, तुझं भविष्य म्हणून लिहिलेलं नव्हतं, आणि तसं तुला वाटलं असेल तर ते मी अजून नीट लिहायला हवं होतं.

तू जे वर्णन केलंयस, बसता न येणं, पायात चालू असणं, आतून ओढ, आणि तेही डोस वाढवल्यापासून, ते वाचून मला जवळजवळ खात्री आहे की हा अकाथिजिया आहे, औषधाचा साईड इफेक्ट. पेशंट चिडलाय, आजार वाढलाय असं समजून कधीकधी त्याच औषधाचा डोस आणखी वाढवला जातो म्हणून हे तुला नावाने माहीत पाहिजे. याने माणूस इतका हैराण होतो की मरणाचे विचार यायला लागतात, आणि हा त्रास कमी झाला की ते विचारही बरेचदा ओसरतात. यावर उपाय आहे, डोस कमी करतात, औषध बदलतात, किंवा प्रोप्रानोलॉलसारखी साधी गोळी जोडतात, कुठलं करायचं ते तुझे डॉक्टर बघतील, दमा असेल तर त्यांना आठवण कर. तू स्वतःहून सगळं बंद मात्र करू नको.

सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी फोन कर आणि दोनच वाक्यं बोल, "डोस वाढवल्यापासून मला बसवत नाही, आणि कालपासून मरायचे विचार येतायत." अपॉइंटमेंट नाही म्हणाले तरी जाऊन बस. सकाळपर्यंत थांबवेल असं वाटत नसेल तर आत्ताच १४४१६ लाव, किंवा बहिणीला घेऊन सिव्हिलला जा.

आणि बहिणीला टेन्शन नको म्हणतोस. मी पंचवीस वर्षं बहिणींना भेटतेय. त्यांना टेन्शन नंतर कळल्याचं येतं. तिचं दार वाजव, तिला म्हण मला झोप येत नाहीये, माझ्याबरोबर हॉलमध्ये चाल. बाकीचं चालता चालता सांग.